डेस्कटॉपवर बोटाची रीत

टचस्क्रीनसाठी घडवलेली मांडणी आणि सोयी डेस्कटॉप संगणकावर आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न २०१० नंतरच्या पाच वर्षांत झाला. अ‍ॅपलने तो मॅकवर केला, मायक्रोसॉफ्टने विंडोजवर केला आणि लिनक्सच्या जगात उबुंटू व ग्नोम या दोन प्रकल्पांनी साधारण त्याच सुमारास केला. त्यांपैकी विंडोज ८ चा प्रयोग सर्वांत धाडसी होता आणि सर्वांत महागातही तोच पडला. या साऱ्या घडामोडींचे खापर बहुतेक वेळा सवयीवर फोडले जाते: लोकांना जुन्याची सवय होती, नवे रुचले नाही. हे स्पष्टीकरण सोपे असले तरी वापरणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे. बोटाकडून आणि माउसकडून संगणकाला मिळणारी माहिती मुळातच निरनिराळी असते. त्यामुळे एकासाठी आखलेली मांडणी दुसऱ्याच्या हाती दिली की ती कुठे तरी अडते, आणि कुठे अडेल हे बरेचसे आधी सांगता येते.

कॅनडाचे संशोधक बिल बक्स्टन यांनी १९९० मध्ये हा फरक एका साध्या नमुन्यात मांडला. निर्देश करणाऱ्या साधनाच्या तीन अवस्था संभवतात. एक, साधन संगणकाच्या आवाक्याबाहेर असणे. दोन, ते कुठे आहे हे संगणकाला कळणे, पण कृती काहीच न होणे. तीन, बटण दाबून प्रत्यक्ष कृती होणे. माउस दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत वावरतो. कर्सर स्क्रीनवर फिरत असताना तो नेमका कशावर आहे हे संगणकाला ठाऊक असते आणि बटण दाबेपर्यंत काहीही बिघडत नाही. बोटाला ही मधली अवस्था मिळत नाही. काचेला टेकण्यापूर्वी त्याचा संगणकाला पत्ता नसतो आणि टेकल्यावर कृतीच सुरू होते.

डेस्कटॉपवरील कितीतरी सोयी या मधल्या अवस्थेवर उभ्या आहेत. आयकॉनवर कर्सर थांबवला की त्याचे नाव दिसते. मजकुरावर नेला की कर्सरची उभी रेघ होते, खिडकीच्या कडेवर नेला की दोन टोकांचा बाण होतो, लिंकवर नेला की हात होतो. ‘इथे काय करता येईल’ हे संगणक कृतीच्या आधीच सांगत असतो. राइट-क्लिकने उघडणारा मेनू ही त्यातलीच सोय; मुख्य कृतीला धक्का न लावता त्या वस्तूबाबतचे इतर पर्याय तो समोर ठेवतो. टचस्क्रीनवर त्याच्या बदल्यात बोट दाबून धरावे लागते, म्हणजे वेळ हाच दुसऱ्या बटणाचे काम करतो. नवख्या माणसाने न भिता चाचपून पाहावे यासाठी माउसच्या जगात जी जागा होती, ती बोटाच्या जगात नाही. तिची भरपाई मांडणीतूनच करावी लागते: पर्याय कमी ठेवायचे, मोठे ठेवायचे, आणि चुकीची कृती सहज मागे घेता यावी अशी व्यवस्था करायची.

आकाराचा प्रश्नही असाच मोजता येण्याजोगा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोहोचायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो, लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी. माउसचा कर्सर काही मोजक्या पिक्सेलवर अचूक ठेवता येतो. बोटाचे टोक त्या मानाने जाड असते, शिवाय ज्याला ते स्पर्श करते तेच ते झाकून टाकते. म्हणून अ‍ॅपलने आयफोनच्या बटणांसाठी किमान ४४ पॉइंटचा चौकोन सुचवला, तर मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ च्या काळात सात मिलिमीटर आणि जिथे चूक महागात पडेल तिथे नऊ मिलिमीटर असे माप दिले. फोनच्या स्क्रीनवर हे माप शोभते. तेच चोवीस इंची मॉनिटरवर लावले की टूलबारमध्ये जिथे तीस बटणे मावत होती तिथे दहा मावतात आणि उरलेली कुठल्या तरी मेनूच्या पोटात जातात.

तिसरा फरक शरीराचा आहे. टॅब्लेट मांडीवर किंवा हातात असतो, नजर खाली असते, कोपराला आधार असतो. टेबलावरच्या मॉनिटरला स्पर्श करायचा तर हात खांद्यापासून उचलून अधांतरी धरावा लागतो. काही मिनिटांतच दंड भरून येतो. हे कोणाला नव्याने शोधावे लागले नाही. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केले तेव्हा स्क्रीनवर थेट प्रकाश-लेखणीने रेघा ओढल्या जात होत्या. पुढे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाश-लेखणी, जॉयस्टिक, माउस आणि चक्क गुडघ्याने चालवायचे एक साधन यांची शेजारी शेजारी चाचणी घेतली. सरावलेल्या माणसांच्या हाती माउस वेगवान ठरला आणि त्याच्या चुकाही कमी होत्या. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी माउस जाहीरपणे चालवून दाखवला. माउस ही टचस्क्रीन सुचली नाही म्हणून पत्करलेली तडजोड होती, असा समज आज पुष्कळदा आढळतो. वस्तुस्थिती अशी की स्क्रीनकडे थेट निर्देश करण्याचा पर्याय समोर असताना, तुलना करून माउस निवडला गेला.

टचस्क्रीन स्वतःही तितकीच जुनी आहे. ब्रिटनमधील मॅल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये तिच्यावर लेख लिहिला होता. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-यंत्रणेच्या १९७० च्या दशकातील टर्मिनलवर इन्फ्रारेड किरणांची जाळी होती. विद्यार्थी उत्तरावर बोट ठेवत. १९८३ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने एचपी-१५० हा टचस्क्रीन असलेला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या स्क्रीनच्या चौकटीत किरण सोडणारी आणि टिपणारी बारीक छिद्रे होती आणि त्यांत धूळ बसे. हात अवघडण्याची तक्रार त्या पिढीत इतकी परिचित झाली की त्या दुखण्याला ‘गोरिला आर्म’ असे नावच पडले. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये लेखणीसाठी विंडोजची खास आवृत्ती काढली, २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती आणली, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये एकाहून अधिक बोटांचा स्पर्श ओळखण्याची सोय दिली. या प्रत्येक वेळी स्पर्श हा डेस्कटॉपवर वरून चढवलेला थर होता. खालची मांडणी माउसचीच राहिली, बटणे बारीकच राहिली, आणि लेखणी वा बोट तिथे अडखळत राहिले.

आयफोन २००७ मध्ये आला तो वेगळ्या वाटेने. त्याने डेस्कटॉप लहान करून फोनमध्ये कोंबला नाही. खिडक्या, मेनू, कर्सर सगळे सोडून दिले आणि बोटाला धरून नवी मांडणी रचली. एप्रिल २०१० मध्ये तीच मांडणी आयपॅडच्या रूपाने मोठ्या स्क्रीनवर आली आणि लोकांनी तो उचलून धरला. ज्यांनी कधी संगणक हाताळला नव्हता अशी वृद्ध माणसे आणि लहान मुले तो सहज वापरू लागली. वैयक्तिक संगणक बनवणाऱ्या कंपन्यांपुढे आता खरा पेच उभा राहिला. ग्राहकाला जे हवेसे वाटते आहे ते आपल्या यंत्रावर आणायचे, की आपले यंत्र ज्या कामासाठी आहे ते काम राखायचे? त्यांच्या उत्तरांत मोठे अंतर होते.

अ‍ॅपलचे उत्तर सावध होते. २० ऑक्टोबर २०१० च्या कार्यक्रमात स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितले की उभ्या स्क्रीनला स्पर्श करण्याच्या चाचण्या कंपनीने भरपूर घेतल्या आहेत, त्यात हात थकतो, म्हणून मॅकच्या स्क्रीनला स्पर्श करण्याची सोय दिली जाणार नाही. बोटांच्या हालचाली येतील त्या ट्रॅकपॅडवर, म्हणजे हात टेबलावर टेकलेला असताना. जुलै २०११ मध्ये ‘लायन’ या आवृत्तीत आयपॅडवरील बऱ्याच गोष्टी मॅकवर उतरल्या: आयकॉनची ओळीने मांडणी करणारे लाँचपॅड, पूर्ण स्क्रीन व्यापणारे प्रोग्रॅम, आपोआप सेव्ह होणारी कागदपत्रे, वापरात नसताना अदृश्य होणारे स्क्रोलबार, आणि स्क्रोलची उलटी दिशा. बोट वर सरकवले की मजकूरही वर जावा, जणू कागदच हाताने ढकलला आहे, असा या दिशेमागचा विचार. ट्रॅकपॅडवर ते पटण्यासारखे होते. चाकाच्या माउसवर मात्र वर्षानुवर्षांचा सराव उलटा झाला.

लायनमध्येही घाई दिसते. पूर्ण स्क्रीनची सोय आयपॅडवरून उचलताना, मॅकला दोन मॉनिटर जोडलेले असू शकतात ही गोष्ट निसटली. एका मॉनिटरवरील प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीन केला की दुसऱ्या मॉनिटरवर राखाडी कापडाचे चित्र तेवढे उरे. हा दोष जायला २०१३ ची ‘मॅव्हरिक्स’ आवृत्ती यावी लागली. ‘सेव्ह अ‍ॅज’ हा जुना आदेशही लायनने काढून टाकला होता. तो पुढच्याच वर्षी परत आला, तोही आधी लपलेल्या रूपात. तरीही अ‍ॅपलच्या या प्रयोगाने कोणाचे काम ठप्प झाले नाही, कारण जुने घर शाबूत होते. मेनूबार, डॉक, खिडक्या जागच्या जागी होत्या. लाँचपॅड ज्याला नको त्याने ते कधीच उघडले नाही तरी चालत होते.

लिनक्सच्या जगात हाच वाद अधिक कडवट झाला. कॅनॉनिकल कंपनीने ‘युनिटी’ ही मांडणी मुळात नेटबुकच्या लहान स्क्रीनसाठी केली होती. एप्रिल २०११ मध्ये ती उबुंटूच्या डेस्कटॉपवर मुख्य म्हणून बसवली गेली. त्याच महिन्यात ग्नोम ३ आले आणि त्याने खिडकीवरची मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझ ही बटणेच डोळ्यांआड केली. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नाराजीला वाट मिळते: ज्यांना हे पटले नाही त्यांनी जुन्या ग्नोमचा कोड घेऊन ‘माटे’ चालू ठेवला, तर लिनक्स मिंटच्या मंडळींनी ‘सिनॅमन’ उभारले. कॅनॉनिकलचे मार्क शटलवर्थ यांचे स्वप्न मोठे होते, फोन, टॅब्लेट आणि डेस्कटॉप या तिन्हींवर एकच उबुंटू. २०१३ मध्ये ‘उबुंटू एज’ या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर उभारण्याचा प्रयत्न झाला आणि सुमारे १ कोटी २८ लाखांवर थांबला. एप्रिल २०१७ मध्ये शटलवर्थ यांनी हा सगळा कार्यक्रम बंद करत असल्याचे जाहीर केले आणि उबुंटू पुन्हा ग्नोमकडे वळली.

विंडोज ८ २६ ऑक्टोबर २०१२ रोजी बाजारात आली. तिची सूत्रे विंडोज विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनोफ्स्की यांच्याकडे होती. भूमिका अशी की टॅब्लेट हाही एक पीसीच आहे, म्हणून दोन्हींसाठी एकच ऑपरेटिंग सिस्टिम आणि एकच चेहरा असावा. हा चेहरा विंडोज फोनवरून घेतलेला होता, ‘मेट्रो’ या नावाने ओळखली जाणारी सपाट, मोठ्या अक्षरांची, रंगीत चौकोनांची शैली. दिसायला ती खरोखर देखणी होती. लाकडाचा खोटा पोत, कातड्याची शिवण, चकाकणारी बटणे यांच्या त्या काळात मेट्रोने मजकुरालाच सजावट मानले. पुढे सगळ्या उद्योगाने ज्या सपाट शैलीचा स्वीकार केला तिची वाट मोकळी करण्याचे श्रेय मेट्रोला द्यायलाच हवे.

संगणक सुरू केला की समोर डेस्कटॉपऐवजी स्टार्ट स्क्रीन येई. डेस्कटॉप त्यातील एक टाइल होऊन बसला होता. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात असलेले स्टार्ट बटण काढून टाकले होते. नव्या पद्धतीचे प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीन व्यापत. फार तर दुसरा एक प्रोग्रॅम ३२० पिक्सेलच्या अरुंद पट्टीत शेजारी ठेवता येई. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमचे नावच खिडक्यांवरून पडले, तिच्या नव्या अर्ध्या भागात खिडकी उरली नाही. शोध, शेअर, सेटिंग्ज वगैरे पाच आदेश ‘चार्म’ या नावाच्या पट्टीत होते आणि ती पट्टी उजव्या कडेबाहेर दडलेली असे. टॅब्लेटवर उजवीकडून बोट आत सरकवले की ती येई. माउसने मात्र कर्सर उजव्या कोपऱ्यात न्यायचा, मग कडेने सरकवायचा. संगणक बंद करायचा तर चार्म, त्यातून सेटिंग्ज, त्यातून पॉवर, आणि मग शट डाउन. प्रोग्रॅम बंद करायचा तर कर्सर वरच्या कडेला धरून थेट तळापर्यंत ओढायचा. या कशाचीही खूण स्क्रीनवर दिसत नव्हती.

इथे दोष स्पर्शाचा नव्हता. लपवण्याचा होता. डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या दोन अभ्यासकांनी २०१० मध्येच इशारा दिला होता की हावभावांवर चालणाऱ्या मांडण्यांत काय करता येते ते दिसतच नाही. मेनूने पंचवीस वर्षे जे शिकवले ते विसरले जात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये नील्सन यांनी पीसीचा अनुभव असलेल्या १२ जणांकडून विंडोज ८ तपासून घेतली आणि नवख्यांसाठी तसेच तरबेजांसाठीही ती निराशाजनक असल्याचा निष्कर्ष काढला. माणूस जे पाहू शकतो ते त्याला आठवावे लागत नाही, हे ग्राफिकल पद्धतीचे मूळ बळ. हॉट कॉर्नर, म्हणजे कर्सर नेताच प्रतिसाद देणारे कोपरे, आणि कडेवरून सरकवणे यांनी ते बळ काढून घेतले आणि पुन्हा पाठांतर आणले, आदेशांची जुनी काळी स्क्रीन मागायची तसे.

हॉट कॉर्नरमागे एक योग्य तर्क होता, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. फिट्स यांच्या नियमानुसार स्क्रीनचा कोपरा हे माउससाठी सर्वांत सोपे लक्ष्य, कारण कर्सर कितीही जोरात ढकलला तरी तिथे अडतोच. पण हा तर्क एकाच मॉनिटरसाठी खरा आहे. दोन मॉनिटर शेजारी असले की मधल्या कोपऱ्यावरून कर्सर घरंगळून पलीकडे जातो. रिमोट डेस्कटॉपने दूरचा संगणक एका खिडकीत उघडला असेल तर त्या खिडकीच्या कोपऱ्यावर काहीच अडत नाही. आणि हीच स्टार्ट स्क्रीन विंडोज सर्व्हर २०१२ वरही बसवलेली होती. सर्व्हर हे यंत्र कोणी बोटाने चालवत नाही. बहुतेक वेळा त्याला स्क्रीनही नसते, व्यवस्थापक दुरून खिडकीतूनच काम करतो. तिथे टाइल्स पाहून प्रश्न पडतो की निर्णय घेताना कामाचा विचार झाला होता की केवळ एकरूपतेचा.

स्टार्ट बटण काढण्याला मायक्रोसॉफ्टकडे आकड्यांचा आधार होता. विंडोज ७ मध्ये प्रोग्रॅम टास्कबारवर चिकटवून ठेवण्याची सोय आल्यापासून स्टार्ट मेनू कमी वेळा उघडला जातो, असे वापराच्या नोंदींवरून कंपनीला दिसले होते. नोंद बरोबर होती, निष्कर्ष चुकला. एखादी गोष्ट किती वेळा वापरली जाते यावरून ती किती आवश्यक आहे हे ठरत नाही. स्टार्ट बटण ही भांबावलेल्या माणसाची परतीची जागा होती. बाकी काही सुचले नाही तर तिथे जाता येई. ते दिवसातून दोनदाच दाबले जात असेल, पण त्या दोन वेळा दुसरा मार्ग नसे.

नव्या चेहऱ्याची किंमत मोजली ती दिवसभर संगणकावर राबणाऱ्यांनी. महाराष्ट्रातल्या एखाद्या डीटीपी केंद्राचे काम डोळ्यांसमोर आणले तर हे नीट कळते. एका खिडकीत पेजमेकर वा कोरलड्रॉ उघडलेले, श्री-लिपीसारखी मराठी टंकप्रणाली पाठीशी चालू, शेजारी दुरुस्त्यांची फाइल, खाली फोल्डर. हात सतत एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. हिशेब लिहिणाऱ्याचे टॅली तर जवळजवळ कीबोर्डवरच चालते: एफ५ दाबून पेमेंट, एफ६ दाबून रिसीट, एफ८ दाबून सेल्स, माउसलाही हात लावावा लागत नाही. अशा कामाला पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या मोठ्या टाइल्सचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून लाखो मराठी माणसे संगणक शिकली ती विंडोजवरच, आणि स्टार्ट बटण, टास्कबार, राइट-क्लिक या तिच्या पायऱ्या. ज्याने कष्टाने आणि फी भरून हे ज्ञान मिळवले त्याच्याकडून ते एका आवृत्तीने काढून घ्यावे, याला फक्त ‘सवयीचा प्रश्न’ म्हणणे योग्य नाही. ते त्याचे भांडवल होते.

बाजाराने उत्तर दिले. २०१३ च्या पहिल्या तिमाहीत जगातील पीसीची विक्री आदल्या वर्षीपेक्षा १३.९ टक्क्यांनी घटली असे आयडीसी या संस्थेने जाहीर केले आणि विंडोज ८ ने बाजाराला आधार देण्याऐवजी खीळच घातली, असे तिचे म्हणणे होते. टॅब्लेटची लाट हे घसरणीचे मोठे कारण होतेच, म्हणून सगळा दोष एका आवृत्तीवर टाकता येणार नाही. पण टॅब्लेटच्या बाजूनेही मायक्रोसॉफ्टच्या पदरात फारसे पडले नाही: जुने विंडोज प्रोग्रॅम चालवू न शकणाऱ्या ‘सरफेस आरटी’ टॅब्लेटचा साठा पडून राहिला आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीने त्यापोटी ९० कोटी डॉलरचे नुकसान हिशेबात धरले. सिनोफ्स्की त्याआधीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाहेर पडले होते. दरम्यान ‘क्लासिक शेल’ आणि ‘स्टार्ट८’ असे छोटे प्रोग्रॅम घेऊन लोक स्टार्ट मेनू स्वतःच परत बसवत होते.

माघार टप्प्याटप्प्याने झाली. ऑक्टोबर २०१३ मधील विंडोज ८.१ ने स्टार्ट बटण परत आणले, पण ते दाबले की पुन्हा स्टार्ट स्क्रीनच उघडे. संगणक थेट डेस्कटॉपवर सुरू करण्याची सोयही मिळाली. ८ एप्रिल २०१४ च्या सुधारणेत स्टार्ट स्क्रीनवर पॉवरचे बटण आले आणि पूर्ण स्क्रीन प्रोग्रॅमला माउससाठी शीर्षकपट्टी आणि बंद करण्याची फुली मिळाली. योगायोग असा की त्याच दिवशी विंडोज एक्सपीचा आधार संपला. कार्यालयांना एक्सपी सोडणे भाग होते, तरी पुष्कळ कार्यालयांनी विंडोज ८ ओलांडून विंडोज ७ चीच वाट धरली.

जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा विचार बदललेला होता. एकच चेहरा सगळ्यांवर लादण्याऐवजी संगणक स्वतःच पाहू लागला की हाताखाली काय आहे. कीबोर्ड जोडलेला असेल तर डेस्कटॉप. कीबोर्ड काढला की टॅब्लेट मोड सुचवला जाई आणि प्रोग्रॅम पूर्ण स्क्रीन होत. स्टार्ट मेनू परतला, टाइल्स त्याच्या पोटात गेल्या. ऑक्टोबर २०२१ मधील विंडोज ११ ने टॅब्लेट मोड वेगळा ठेवलाच नाही. कीबोर्ड दूर केला की टास्कबारवरील आयकॉनमधले अंतर वाढते, स्पर्शाची लक्ष्ये मोठी होतात, बाकी मांडणी तीच राहते. टाइल्स पूर्णपणे गेल्या. बोटाला लागणारी जागा वाढवायची पण वस्तू हलवायच्या नाहीत, ही तडजोड आजवरच्या सर्व प्रयत्नांत सर्वांत समंजस म्हणावी लागेल. विंडोज ८ च्या वेळीच ती सुचायला हरकत नव्हती.

या उलथापालथीतून डेस्कटॉपवर टिकले काय, हे पाहिले तर यादी लहान नाही. सर्वांत यशस्वी ठरला तो ट्रॅकपॅड. दोन बोटांनी स्क्रोल करणे २००५ पासून अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर होते. २००८ मध्ये चिमटीने मोठे-लहान करणे आले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ८.१ च्या वेळी ट्रॅकपॅडसाठी नेमकी मानके घालून दिल्यावर विंडोज लॅपटॉपवरही हे अनुभव सुधारले. ट्रॅकपॅडवर बोट स्क्रीन झाकत नाही, हात टेबलावर टेकलेला असतो, आणि कर्सर असल्यामुळे बक्स्टन यांची मधली अवस्थाही शाबूत राहते. बोटाचा वेग आणि माउसचा नेमकेपणा या दोन्हींचा लाभ तिथे मिळतो. हे उत्तर सापडले असताना स्क्रीनलाच स्पर्श करण्याचा आग्रह का धरला गेला, याचे कारण तंत्रात कमी आणि टॅब्लेटच्या धास्तीत जास्त आहे.

दुसरी टिकलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. फोनवर प्रत्येक अ‍ॅपला आपापल्या कप्प्यात ठेवायचे, कॅमेरा वा फाइल हवी असेल तर त्याने परवानगी मागायची, आणि अ‍ॅप एका तपासलेल्या दुकानातून घ्यायचे, ही रीत डेस्कटॉपवरही आली. मॅकचे अ‍ॅप स्टोअर जानेवारी २०११ मध्ये उघडले, विंडोजचे विंडोज ८ बरोबर. कागदपत्र आपोआप सेव्ह होणे, संगणक पुन्हा सुरू केल्यावर काम जिथे थांबले तिथून पुढे चालणे, हेही त्याच वाटेने आले. वीज गेल्यावर तासाभराचे टंकन गमावलेल्या कोणालाही त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी लिहिणाऱ्यांना टचस्क्रीनने दिलेली देणगी आणखी वेगळी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य कीबोर्डवर रोमन अक्षरेच छापलेली असतात. इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी तर्कशुद्ध आहे, पण कळांवर अक्षरे दिसत नसल्याने ती पाठ करावी लागते. म्हणून असंख्य लोक रोमन स्पेलिंगमधून मराठी लिहितात आणि ‘ळ’, ‘ण’, ‘ऱ्या’ यांच्याशी झगडतात. स्क्रीनवरील कीबोर्डला ही अडचण नाही. तिथे देवनागरी अक्षरेच समोर असतात, आणि काही कीबोर्डांत व्यंजन दाबले की स्वरांच्या जागी त्या अक्षराची बाराखडी उभी राहते. छापील कळ असे बदलू शकत नाही. फोनवर मराठी इतक्या झपाट्याने लिहिली जाऊ लागली त्यामागे हे एक ठोस कारण आहे. डेस्कटॉपने टचस्क्रीनकडून घ्यायचे होते ते हे. पण विंडोज ८ च्या चर्चेत टाइल्सबद्दल जेवढे बोलले गेले त्याचा अंशही लिपीच्या वाट्याला आला नाही, आणि डेस्कटॉपवर मराठी टंकन आजही पाठांतरावर किंवा रोमनच्या आधारावर चालते.

कीबोर्डच्याच एका भागाला स्क्रीन करण्याचा प्रयत्न अ‍ॅपलने २०१६ मध्ये केला. मॅकबुक प्रोवरील फंक्शन कळांची ओळ काढून तिथे ‘टच बार’ ही अरुंद स्पर्शपट्टी बसवली. प्रोग्रॅमनुसार तिच्यावरची बटणे बदलत. कल्पना आकर्षक होती, पण टंकताना नजर स्क्रीनवर असते आणि बोटांना कळेचा उंचवटा जाणवत असतो. गुळगुळीत पट्टीसाठी दर वेळी मान खाली घालावी लागे. प्रोग्रॅमरांना सतत लागणारी एस्केप कळ तर काचेवरचे चित्र झाली होती. ती २०१९ मध्ये खरी कळ होऊन परतली आणि २०२१ च्या मोठ्या मॉडेलांवरून टच बारच गेला.

आता प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. मार्च २०२० मध्ये आयपॅडला माउस आणि ट्रॅकपॅड चालवण्याची सोय मिळाली. तेव्हाचा कर्सर बाण नसून बोटाच्या टोकाएवढा गोल होता, आणि बटणावर गेला की त्या बटणाचाच आकार घेई, म्हणजे नेमकेपणा हवा तिथे बारीक, नको तिथे जाड. स्पर्शासाठी बांधलेल्या मांडणीत मधली अवस्था नव्याने घालताना इतका विचार झालेला दिसणे दुर्मिळ आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयपॅडच्या नव्या आवृत्तीने हवा तो आकार घेणाऱ्या, एकमेकांवर ठेवता येणाऱ्या खिडक्या आणि वर मेनूबार दिला. त्याच दिवशी आलेल्या मॅकच्या आवृत्तीतून लाँचपॅड काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी प्रोग्रॅमची साधी, शोधता येणारी यादी बसवली गेली. मॅकची काही बटणे आणि सेटिंग्जची मांडणी मात्र दरम्यानच्या काळात आयफोनसारखी होत गेली आहे. २०२२ मध्ये बदललेल्या सेटिंग्जच्या खिडकीत एका उभ्या यादीत सारे कोंबले गेल्याने, जे पूर्वी एका नजरेत दिसे ते आता स्क्रोल करून शोधावे लागते.